ग्वाल्हेरच्या थंडीत खोलीगणिक ऊब

पौष लागला की ग्वाल्हेरची थंडी घरात मुक्कामाला येते आणि संक्रांत उलटून गेली तरी हलत नाही. रात्री पारा ५-६ अंशांवर उतरतो, लाट आली की त्याच्याही खाली जातो, आणि धुकं धरलं की दुपारीसुद्धा ऊन दिसत नाही. आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वस्तीत आहे. दीड-दीड फुटांच्या दगडी भिंती, वर पटियांचं, म्हणजे लांब दगडी फळ्यांचं छत, खाली फरशी, आणि खोल्यांची उंची १२-१३ फूट. मे महिन्यात हे घर फार सुखाचं असतं. पौषात मात्र भिंती एकदा गारठल्या की बाहेर अंगणात ऊन पडलं तरी आत काकडायला होतं.

मी शाळेत विज्ञान शिकवत होते, आता निवृत्त आहे. घरात सासूबाई आहेत, त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. हे आहेत, आणि परीक्षेसाठी रात्री उशिरापर्यंत जागणारा मुलगा आहे. प्रत्येकाची खोली वेगळी, वेळ वेगळी आणि गरजही वेगळी. म्हणून सगळं घर तापवायच्या मागे लागू नका, हे मी नातेवाइकांना दरवर्षी कळकळीने सांगते. या खोलीत कोण बसणार, किती वाजता, किती वेळ आणि त्याला किती अंश लागतात, हे प्रत्येक खोलीपुरतं ठरवा. बाकीचं त्यातूनच सुटत जातं.

मुलगी जर्मनीत असते. तिच्या इमारतीत एकच बॉयलर आहे आणि प्रत्येक खोलीत गरम पाण्याचा रेडिएटर. रेडिएटरच्या तोंडाशी १ ते ५ आकड्यांची एक मूठ असते. तिच्या आत मेण किंवा द्रव भरलेली छोटी डबी. खोली तापली की ते फुगतं, खिळ दाबली जाते आणि गरम पाणी अडतं. खोली निवली की पाणी पुन्हा सुटतं. ३ वर ठेवलं की साधारण २० अंश, २ वर १६ च्या आसपास. ती बैठकीत ३ ठेवते, झोपायच्या खोलीत २. आपल्याकडे बॉयलर नाही, भिंतीतून पाइप नाहीत. पण प्रत्येक खोलीचा आकडा वेगळा ठेवणं आपल्यालाही साध्या ऑइल हीटरवर जमतं. ते कसं करायचं, ते पुढे सांगते.

आधी थर्मामीटर, मग हीटर

तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र ३००-४०० रुपयांत मिळतं. हीटर घ्यायच्या आधी ते घ्या. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, उन्हात ठेवू नका, माणूस जिथे बसतो किंवा झोपतो त्या उंचीवर ठेवा. उंच छताच्या खोलीत माळ्यावरचं तापमान आणि पलंगापाशी असलेलं तापमान यांत बराच फरक असतो. आपल्याला पलंगापाशी असलेलं हवं. चार-पाच दिवस हीटर न लावता प्रत्येक खोलीचा सकाळी सहाचा आणि रात्री दहाचा आकडा वहीत लिहा. कोणती खोली मुळातच उबदार आहे आणि कोणती वाया गेलेली आहे, हे या वहीतून कळतं. नुसत्या अंदाजाने ते कळत नाही.

किती अंश हवेत? जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात थंडीच्या काळात घरात किमान १८ अंश असावेत असं म्हटलं आहे, आणि म्हातारी माणसं, लहान मुलं, आजारी माणसं यांना याहून थोडं जास्त लागू शकतं. आमच्याकडे अक्कांच्या खोलीत १९-२०, मुलाच्या खोलीत १७-१८, आणि आमच्या खोलीत रजईच्या भरवशावर १५-१६. बैठकीला आकडाच नाही, कारण तिथे वेगळी युक्ती आहे.

आकडा २-३ अंशांनी वाढवताना विचार करा. बाहेर ६ अंश आणि आत २० असेल तर फरक १४ अंशांचा. आत १८ ठेवलं तर फरक १२ चा. खोलीतून बाहेर जाणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणून तेवढ्या दोन अंशांत विजेचा साधारण सातवा हिस्सा वाचतो. अंगात स्वेटर आणि पायात मोजे असतील तर हे दोन अंश कोणालाही जाणवत नाहीत.

आणखी एक हिशोब उपयोगी पडतो. हीटर बराच वेळ चालून खोलीचं तापमान एका जागी थांबलं, की जेवढी वाढ झाली ती वॉटच्या प्रमाणात असते. १००० वॉटवर खोली ४ अंशांनी चढत असेल, तर २००० वॉटवर साधारण ८ अंशांनी चढेल. मुळात १० अंश असलेल्या खोलीत २० हवे असतील तर त्या खोलीला २००० वॉटही अपुरे पडणार, हे दुकानात जायच्या आधीच कळतं. अशा वेळी दुसरा हीटर आणण्यापेक्षा खोली बदलावी किंवा फटी बुजवाव्यात.

माणसांची जागा बदला

जुन्या घरात सगळ्यात वरचा मजला रात्री फार गार होतो. पटियांचं छत मोकळ्या आकाशाखाली रात्रभर उष्णता सोडत राहतं. बाहेरच्या दोन भिंती असलेली कोपऱ्याची खोलीही तशीच. माजघराला मात्र चहूबाजूंनी खोल्या असतात, शेजारी स्वयंपाकघर असतं, आणि ते बाहेरच्या खोल्यांपेक्षा सहज ३-४ अंशांनी उबदार राहतं. म्हणून मार्गशीर्षातच अक्कांचा पलंग माजघरात येतो आणि रथसप्तमीनंतर परत त्यांच्या खोलीत जातो. सुरुवातीला त्यांना ते पटत नव्हतं, आता त्या स्वतःच आठवण करतात. पलंग बाहेरच्या भिंतीपासून हातभर तरी लांब ठेवा. हवा २० अंश असली तरी शेजारची भिंत १२ अंशांची असेल तर त्या बाजूचा खांदा गारठतो, कारण शरीर भिंतीकडे उष्णता सोडत असतं.

उन्हाचाही उपयोग करून घ्यावा. डिसेंबरच्या शेवटी ग्वाल्हेरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४० अंशांवरच असतो. दक्षिणेच्या खिडकीचा माथा ७ फुटांवर असेल तर ऊन आत ८ फुटांपर्यंत येतं. स्वच्छ ऊन असेल तर एक चौरस मीटर काचेतून अर्ध्या किलोवॉटच्या आसपास उष्णता फुकट मिळते. दहा वाजता दक्षिणेचे पडदे पूर्ण उघडा, फरशीवरची सतरंजी तेवढ्यापुरती गुंडाळा म्हणजे फरशी तापेल, आणि साडेचार-पाचला पडदे घट्ट ओढून सतरंजी परत अंथरा. सूर्य मावळेपर्यंत थांबलात तर मिळवलेलं काचेतून निघून जातं. उत्तरेच्या खिडक्यांचे जाड पडदे पौषभर बंदच असू द्या.

फटी

जुने दोन फळ्यांचे दरवाजे, वरची रोशनदानं म्हणजे छताजवळचे झरोके, खिडक्यांच्या झिजलेल्या चौकटी. रात्री पंखे बंद करून उदबत्ती पेटवा आणि प्रत्येक चौकटीच्या कडेने फिरवा. धूर आडवा गेला की तिथे फट आहे. चौकटीला चिकटवायची फोमची पट्टी कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. दाराखालच्या फटीसाठी जुन्या साडीची लांब पिशवी शिवून त्यात वाळू भरा आणि दार लावलं की ती सारून ठेवा. रोशनदान मात्र पूर्ण बुजवू नका. बोटभर उघडं असू द्या, आत माणूस झोपतो आहे.

याचं महत्त्व एका आकड्यात सांगते. १२ बाय १४ ची १३ फूट उंच खोली घेतली, तर त्यातली नुसती हवा १० अंशांनी तापवायला २००० वॉटच्या हीटरला ६-७ मिनिटं पुरतात. प्रत्यक्षात दोन-तीन तास लागतात. राहिलेली सगळी उष्णता भिंती, फरशी आणि छत पितात, आणि फटींतून तापलेली हवा निघून जाऊन गार हवा येत राहते. दगडी घरात हीटर कुठला घ्यायचा, हेही यावरूनच ठरतं.

कोणत्या खोलीत कोणता हीटर

जिथे माणूस सहा-आठ तास राहणार, तिथे ऑइल हीटर. तो तापायला २०-२५ मिनिटं घेतो, पण आवाज नाही, लाल उजेड नाही, आणि त्याला तापमान धरून ठेवणारा थर्मोस्टॅट असतो. जिथे माणूस पाऊण तास बसणार, तिथे रॉडचा किंवा हॅलोजनचा हीटर. त्याची धग सरळ रेषेत अंगावर येते, खोलीची हवा तापायची वाट पाहावी लागत नाही. ब्लोअर मला दगडी, उंच घरासाठी आवडत नाही. गरम हवा सरळ वर छताशी जाते, पाय गारच राहतात, आणि धूळही उडते. ठेंगण्या छताच्या छोट्या फ्लॅटमध्ये, कंपू किंवा ठाटीपूरकडच्या नव्या इमारतींत, तो ठीक आहे.

ऑइल हीटर वीज कमी खातो, असं दुकानदार सांगतात. २००० वॉटचा कोणताही हीटर पूर्ण तासभर चालला तर २ युनिटच जाणार, आणि त्यातून तेवढीच उष्णता मिळणार. बचत होते ती थर्मोस्टॅटने हीटर बंद केल्यामुळे. खरी कमी वीज गरम-थंड इन्व्हर्टर एसीला लागते, कारण तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो आणि एका युनिटमागे अडीच-तीन युनिटांइतकी उष्णता देऊ शकतो. बाहेर फार गार आणि दमट असेल तर त्याच्या बाहेरच्या युनिटवर हिम धरतं, ते वितळवायला तो मध्येच थांबतो, तेव्हा तो बिघडला असं समजू नका. ज्यांना तसंही एसी घ्यायचाच आहे त्यांनी हाच घ्यावा.

मुठीवर खूण करायची पद्धत

ऑइल हीटरच्या मुठीवर अंश लिहिलेले नसतात. १ ते ६ असे आकडे असतात किंवा नुसतं कमी-जास्त. शिवाय त्याचा थर्मोस्टॅट हीटरजवळचीच हवा ओळखतो, तुमच्या उशीपाशी असलेली नाही. म्हणून त्याला खोली शिकवावी लागते.

हीटर रोज जिथे राहणार तिथे ठेवा, शक्यतो खिडकीच्या बाजूला, पण पडदा आणि पांघरूण यांपासून किमान तीन फूट लांब. थर्मामीटर उशीपाशी ठेवा. दार लावा, मूठ पूर्ण वर न्या, दोन्ही बटणं चालू करा आणि वाट पाहा. थर्मामीटरने तुमचा ठरलेला आकडा दाखवला, अक्कांसाठी १९, की मूठ हळूहळू मागे फिरवा. एका ठिकाणी आतून टक् असा आवाज येतो आणि दिवा विझतो. तिथेच थांबा. त्या जागी नेलपॉलिशचा ठिपका द्या. ही त्या खोलीची खूण झाली. आता खोली निवली की हीटर आपोआप चालू होईल, १९ च्या आसपास गेली की बंद होईल. दुसऱ्या रात्री एकदा तपासून ठिपका जरा पुढे-मागे करावा लागतो, कारण पहिल्या रात्री भिंती गारच असतात.

तोच हीटर दुसऱ्या खोलीत नेला तर ही खूण चालत नाही, तिथे पुन्हा हे सगळं करून वेगळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. आमच्या हीटरवर लाल ठिपका माजघराचा, निळा मुलाच्या खोलीचा. घरातलं कोणीही, अगदी कामाला येणाऱ्या मावशीसुद्धा, बरोबर आकड्यावर हीटर लावू शकतात.

वेळेसाठी १६ अँपियरचा टायमर किंवा स्मार्ट प्लग लावता येतो. यंत्राचा, दातेरी चकतीचा टायमर स्वस्त आणि भरवशाचा, पण वीज गेली तर तो तेवढा वेळ मागे पडतो, पुन्हा लावावा लागतो. स्मार्ट प्लग घ्यायचा असेल तर हीटर फिरत्या मुठीचाच घ्या. डिजिटल बटणांचा हीटर वीज परत आल्यावर बहुधा बंदच राहतो, प्लगने चालू करून उपयोग नाही. आणि आपोआप चालू होणाऱ्या हीटरवर कधीही ओले कपडे वाळत टाकू नका. पौषात कपडे वाळत नाहीत म्हणून सगळ्यांना हा मोह होतो. झाकलेल्या हीटरमुळे आग लागते.

खोली खोलीचं

माजघरात अक्का नऊला झोपतात. हीटर सात वाजता सुरू होतो, म्हणजे त्या आडव्या होईपर्यंत भिंतीही थोड्या कोमट झालेल्या असतात. पहाटेपासून सूर्योदयापर्यंतची वेळ सगळ्यात गार, तेव्हा तो बंद असता कामा नये. रात्री पाणी प्यायला, बाथरूमला उठताना म्हातारी माणसं उबेतून एकदम गारठ्यात जातात, आणि थंडीने रक्तदाब वाढतो. म्हणून वाटेवर सतरंजी आणि पलंगाशेजारी शाल, मोजे, चपला असायलाच हव्यात.

हीटरने हवेतला प्राणवायू जळतो असं अक्कांच्या मैत्रिणी सांगतात. विजेचा हीटर काहीच जाळत नाही. कोरडेपणा मात्र खरा आहे. बाहेरची ५ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा आत येऊन २० अंशांची झाली की तिची आर्द्रता ३४ टक्क्यांच्या आसपास उतरते. घसा सुकतो, ओठ फुटतात. पसरट पातेल्यात पाणी ठेवा, हीटरपासून लांब.

मुलाच्या खोलीत तो एका खुर्चीत बसून असतो. त्याच्यासाठी खोली २० वर नेण्यात अर्थ नाही. पायाखाली लोकरी आसन, मांडीवर घोंगडी आणि खोली १७. झोपायच्या अर्धा तास आधी गादीवरचं विजेचं ब्लँकेट लावतो आणि अंथरुणात शिरताना बंद करतो. ते १०० वॉटच्या आसपास घेतं, म्हणजे हीटरच्या विसाव्या हिश्श्यात गादी तापते. ब्लँकेट घडी घालून लावू नये. तान्ह्या बाळाला आणि मधुमेहाने पायांची जाणीव कमी झालेल्या माणसाला ते देऊ नये, भाजलेलं त्यांना कळत नाही.

आमच्या खोलीत हीटर नाही. मच्छरदाणीच्या दांड्यांवर जाड चादर टाकून वरचं छत झाकलं की अंथरुणाभोवतीची हवा तिथेच राहते. उंच खोलीत याने फार फरक पडतो.

बैठकीत आम्ही रात्री आठ ते साडेनऊ एकत्र बसतो आणि जेवणही तिथेच करतो. रॉडचा एक हीटर पायांच्या दिशेने तोंड करून ठेवतो. उठलो की बंद. देवघरात सकाळी ४०० वॉटचा एक रॉड पुरे, सोवळ्याची वस्त्रं आणि वाती यांपासून लांब.

स्वयंपाकघर स्वतःच तापतं. फोडणीचा धूर गेला की एक्झॉस्ट लगेच बंद करा, नाहीतर तो माजघराची ऊब ओढून नेतो. गॅस पेटवून खोली तापवायची नाही, पाच मिनिटंही नाही.

बाथरूममध्ये हीटर नको. पाणी आणि वीज एकत्र येतात. आंघोळीआधी बादलीत कढत पाणी सोडून दार पाच मिनिटं लावून ठेवा, वाफेने पुरेशी ऊब येते. अक्कांची आंघोळ आम्ही पहाटेवरून अकरा वाजता आणली, ऊन आल्यावर. गॅसचा गिझर बंद बाथरूमच्या आत असेल तर तो आजच बाहेर काढा.

सिगडीबद्दल हात जोडून सांगते. बंद खोलीत कोळशाची सिगडी घेऊन झोपलेली माणसं उत्तरेकडे दर हिवाळ्यात दगावतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, तो रक्तात प्राणवायूपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो, आणि माणसाला नुसती झोप येते आहे असं वाटतं. निखारे राखेखाली झाकले तरी तो निघत राहतो. सिगडी अंगणात, उघड्यावर शेकायची आणि तिथेच विझवायची.

वायरिंग

२००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपियर ओढतो. दिव्याच्या ६ अँपियरच्या पॉइंटवर तो लावायचा नाही, एक्सटेन्शन बोर्डावर तर नाहीच. पॉवर प्लगचा १६ अँपियरचा पॉइंट, जाड तांब्याची वायर (४ चौरस मिलिमीटरची असेल तर उत्तम), स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि चालू अर्थिंग हवं. जुन्या घरात वायरिंग कोणत्या काळातलं आहे हे इलेक्ट्रिशियनला उघडून पाहायला लावा, आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. दोन हीटर आणि गिझर एकदम चालले तर ६ किलोवॉट होतात. तुमच्या बिलावर मंजूर भार किती लिहिला आहे ते बघा. आमच्याकडे गिझर चालू असताना कोणताही हीटर लागत नाही, हा नियम दाराशी लिहून ठेवला आहे.

अर्धा तास चालल्यावर प्लगला हात लावा. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर बंद करून पॉइंट बदलून घ्या. पिना काळ्या पडल्या असतील तर नुसतं घासून पुन्हा लावू नका, सॉकेटच्या आतल्या पट्ट्या सैल झालेल्या असतात.

खर्चाचा अंदाज असा करा. युनिटला ७ रुपये धरले आणि हीटर रात्रभर, आठ तास, एकदाही न थांबता चालला तर १६ युनिट, ११२ रुपये. फटी बुजवलेल्या खोलीत ठिपका लावलेला हीटर आमच्याकडे साधारण निम्मा वेळच चालतो. तुमचा किती चालतो हे मीटरच्या रात्रीच्या आणि सकाळच्या आकड्यांवरून काढा, त्या रात्री फ्रिज सोडून बाकी काही लावू नका.

रथसप्तमीनंतर हीटर माळ्यावर जाईल तेव्हा फटींमधली धूळ ब्रशने काढा, वायर सैल गुंडाळा आणि हीटर उभाच ठेवा. आडवा ठेवलेला ऑइल हीटर पुढच्या वर्षी काढला तर तो काही तास उभा राहू द्या, तेल खाली उतरून तापणाऱ्या भागावर येऊ द्या, आणि मगच चालू करा.